वॉर्डातला प्रश्न, प्रयोगशाळेतले उत्तर

नागपुरात सकाळी दहाच्या सुमारास शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा किंवा दंत विभागात गेले, की रांगेत तोंड पुरते न उघडणारा एक तरी तरुण हमखास दिसतो. वय पंचविशीच्या आतबाहेर. तिखट खाल्ले की तोंडाची आग होते आणि हल्ली पोळीचा मोठा घास घेता येत नाही, एवढीच त्याची तक्रार असते. डॉक्टर त्याला स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालायला सांगतात. दोनही धड जात नाहीत. गालाच्या आतले अस्तर पांढुरके पडलेले, बोटाला चामड्यासारखे ताठ लागणारे. खिशात खर्र्याची पुडी.

निवासी डॉक्टर केसपेपरवर लिहितो: खर्रा, रोज इतक्या पुड्या, इतक्या वर्षांपासून. मग गालाचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला जातो. आठवडाभरात अहवाल येतो. आजाराचे नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. तोंडाच्या अस्तराखाली तंतूंचा थर साठत जातो, गाल आवळत जातात आणि काही रुग्णांमध्ये पुढे कर्करोग होतो. केरळमधील रुग्णांच्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यात हे प्रमाण ७.६ टक्के आढळले होते.

सवय विचारणे, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि दोन्हींचा मेळ घालणे ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुणी घडवली असेल असा विचारही मनात येत नाही. भारतात ती रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते डॉक्टर होते वसंत रामजी खानोलकर. देशातल्या विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. मुंबईबाहेर मात्र, अगदी वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्येही, ते आज फारसे कुणाला ठाऊक नाही.

पैसा नसलेली वाट

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. कुटुंब गोमंतकाशी नाते सांगणारे. वैद्यकातले उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळवली. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी. आजाराने शरीरात नेमका काय बदल केला, हे शवविच्छेदनाच्या टेबलावर, काढलेल्या गाठीत किंवा काचेच्या पट्टीवर शोधायचे शास्त्र.

लंडनहून एम. डी. होऊन आलेल्या डॉक्टरला त्या काळच्या मुंबईत कन्सल्टिंग रूम थाटून नाव आणि पैसा दोन्ही मिळवता आले असते. विकृतिशास्त्रज्ञाच्या दारात मात्र रुग्णांची रांग लागत नाही. त्याचे रुग्ण त्याला तोंडाने ओळखत नाहीत. तो ज्यांचे निदान करतो ते आभार मानतात शल्यचिकित्सकाचे. शिवाय तेव्हाची वैद्यकीय व्यवस्था दुभंगलेली होती. संशोधनाच्या मोठ्या जागा बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या हाती. प्लेग, कॉलरा, मलेरिया या साथींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा स्वतंत्र. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणे आणि रुग्ण पाहणे चाले, पण संशोधनाला तिथे हक्काची जागा नव्हती.

खानोलकर शिकवायला गेले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. यातले दुसरे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले, आणि तिथल्या अध्यापकांच्या जागा भारतीय डॉक्टरांनाच मिळाव्यात, अशी देणगीदारांची अट होती. शिकवण्याचा आणि शोधण्याचा अधिकार आपल्या माणसांना मिळावा, ही त्या काळची मोठी मागणी होती. अधिकार मिळाला, तरी पुढचा प्रश्न उरतच होता. त्या जागेवर बसून शोधायचे काय आणि कसे?

एक हजार रुग्ण

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि खानोलकर त्याच्या प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे प्रमुख झाले. वयाची पंचेचाळिशी उलटली होती. कर्करोग हा श्रीमंत, पाश्चात्त्य देशांचा आजार आहे आणि हिंदुस्थानात तो विरळा आहे, असा समज तेव्हा डॉक्टरांमध्येही होता. परळच्या रांगेने तो खोटा ठरवला. तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कर्करोगाचे रुग्ण एकामागून एक येत होते. पाश्चात्त्य ग्रंथांत ज्या आजाराला दोन पाने मिळत, तो इथे पहिल्या क्रमांकावर होता.

खानोलकरांनी यावर जे केले, ते आजच्या कोणत्याही निवासी डॉक्टरला करता येण्यासारखे आहे. त्यांनी तोंडाच्या कर्करोगाचे ओळीने आलेले एक हजार रुग्ण घेतले, त्यांच्या नोंदी एकत्र केल्या आणि १९४४ मध्ये अमेरिकेतील कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. ओळीने या शब्दाला इथे महत्त्व आहे. निवडक, चमत्कारिक, लक्षात राहिलेले रुग्ण घेतले तर डॉक्टरची आवड कळते. दारात आले त्या क्रमाने सगळे घेतले, तर आजार कळतो.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या तीन वेगळ्या कर्करोगांचे वर्णन केले. तिन्हींचा धागा एकच होता: माणसाची रोजची सवय. चुन्यात मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच कर्करोग होत होता. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाची चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत होती. तिथे कर्करोग होत होता टाळूला, जिथे इतरत्र तो क्वचितच दिसतो. आणि तिसरा कमरेच्या त्वचेचा. वर्षानुवर्षे धोतर एकाच जागी घट्ट कसल्याने त्वचा घासली जाई, काळी पडे, खरवडे, जखम होई, भरे, पुन्हा होई. अशा न भरणाऱ्या व्रणातून काहींना कर्करोग झाला होता. धोती कॅन्सर हे नाव तेव्हापासून पुस्तकांत आहे.

यासाठी महागडे यंत्र लागले नव्हते. लागले होते ते गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या माणसाने तो रुग्ण कुठला, काय खातो, काय नेसतो, तंबाखू तोंडाच्या कोणत्या बाजूला ठेवतो हे विचारणे. प्रयोगशाळेत बसलेल्याला रुग्ण दिसत नाही आणि रुग्ण पाहणाऱ्याला स्लाइड दिसत नाही, तोवर असे शोध लागत नाहीत. खानोलकरांनी दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या.

तुलनेचा धडा

नोंदींचे गठ्ठे जमले तरी त्यांतून कारण आपोआप सिद्ध होत नाही. समजा, तोंडाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी ऐंशी जण तंबाखू खातात असे दिसले. पण त्यांना भेटायला आलेल्या शंभर निरोगी नातेवाइकांपैकीही ऐंशी जण तंबाखू खात असतील, तर या आकड्याचा अर्थ काय? तुलनेला आजार नसलेली माणसे घ्यावीच लागतात.

हे गणित डॉक्टरला एकट्याने झेपणारे नव्हते. खानोलकरांनी एल. डी. संघवी यांना सोबत घेतले. संघवी आनुवंशिकी आणि संख्याशास्त्राच्या अंगाने माणसांचा अभ्यास करणारे. मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासण्याचे काम दोघांनी मिळून केले होते. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा जास्त, असा फरक परळच्या नोंदींत दिसत होता. तो रक्तातला की राहणीतला, हे सोडवायचे तर दोन्ही बाजूंची माहिती हवी होती.

१९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तंबाखू खाणे, विडी ओढणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी आजार नसलेल्या लोकांशी तुलना करून तपासला होता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचा डॉल आणि हिल यांचा गाजलेला अभ्यास इंग्लंडमध्ये १९५० साली प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत त्याच तोडीची पद्धत परळमध्ये, आपल्या सवयींसाठी वापरली गेली होती. आज तंबाखूच्या पुडीवर छापल्या जाणाऱ्या इशाऱ्यामागच्या पुराव्याची एक जुनी वीट तिथली आहे.

माणसे घडवण्याचा कारखाना

१९५२ मध्ये टाटा रुग्णालयाच्या शेजारी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक. ही जागा त्यांनी मुद्दाम रुग्णालयाला चिकटून ठेवली, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. शस्त्रक्रियेच्या खोलीत काढलेली गाठ काही मिनिटांत प्रयोगशाळेत पोहोचू शकत होती आणि प्रयोगशाळेतला प्रश्न घेऊन माणूस चालत वॉर्डात जाऊ शकत होता.

इथे त्यांनी जी माणसे जमवली, त्यांत सगळे डॉक्टर नव्हते. पुण्याच्या कमल रणदिवे वनस्पतिशास्त्राच्या वाटेने आलेल्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शिकल्या. ज्या प्रयोगशाळेत मानवी कर्करोगाच्या पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर अखंड वाढत ठेवता आल्या, ती हीच. रणदिवे परतल्या आणि परळला पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी राहिली. सत्यवती सिरसाट यांनी कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापर्यंत नेला. दोघीही पुढे आपापल्या क्षेत्रातल्या अग्रणी म्हणून ओळखल्या गेल्या.

त्या काळात स्त्रियांना प्रयोगशाळेत स्वतंत्र जबाबदारी मिळणे दुर्मीळ होते. त्यांना संधी देणे हा उपकार नव्हता, ती कामाची गरज होती. डॉक्टरला रुग्ण कळतो, पण पेशी काचेत वाढवायची कशी हे कळत नाही. जीवशास्त्रज्ञाला पेशी कळते, पण रुग्णाच्या गालात काय चालले आहे हे ठाऊक नसते. दोघांना एका टेबलाशी बसवणारा माणूस लागतो, आणि त्याला दोन्ही भाषा याव्या लागतात. खानोलकर हे काम करत राहिले.

मिरची की सुपारी

तोंड न उघडणाऱ्या तरुणाकडे परत येऊ. या आजाराचे वर्णन १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये झाले आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी तो इथल्या रुग्णांत नोंदवला. कारण कुणाला ठाऊक नव्हते. भारतीय माणूस म्हणजे तिखट, म्हणून पहिला संशय गेला मिरचीवर.

खानोलकर आणि सिरसाट यांनी संशयाला प्रयोगाच्या टेबलावर आणले. पोषणात मुद्दाम कमतरता ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट घटक, कॅप्सेसिन, लावून पाहिला. १९६० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तसे आवळलेपण काही प्रमाणात दिसले. पण ते तिथे थांबले नाहीत. सुपारीतला ॲरेकोलिन हा घटकही त्यांनी तसाच लावून पाहिला आणि १९६२ मध्ये त्यावर लिहिले.

अंतिम उत्तर त्यांना मिळाले नाही. ते पुढच्या पिढ्यांनी, रुग्णांच्या मोठ्या अभ्यासांतून आणि पेशींवरच्या प्रयोगांतून मिळवले. दोषी ठरली ती सुपारी. तिच्यातला ॲरेकोलिन तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवतो. सुपारीतले तांबे त्या तंतूंना एकमेकांत घट्ट गुंफणाऱ्या विकराला बळ देते. तिच्यातले टॅनिन तयार तंतू सहजी विरघळू देत नाही. तयार होणे वाढते, झीज कमी होते, थर जमत जातो. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसली तरीही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. विदर्भात तिखट तर घरोघर खाल्ले जाते. तोंड आवळते ते खर्रा, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचे.

आजच्या विद्यार्थ्याने यातून घेण्यासारखे एक आहे. खानोलकरांनी रूढ संशयाला उत्तर मानले नाही. संशय तपासता येईल अशा प्रश्नात त्यांनी तो बदलला. मिरची लावली तर काय होते? सुपारीचा घटक लावला तर काय होते? प्रश्न नीट मांडला गेला, की तो पूर्ण करायला पुढचा माणूस सापडतो.

जिथे उत्तर चुकले

कुष्ठरोग हा खानोलकरांचा दुसरा ध्यास. वर्धा, वरोऱ्याच्या परिसरात ज्यांनी कुष्ठसेवेचे काम पाहिले आहे, त्यांना या आजाराची दहशत वेगळी सांगायला नको. खानोलकरांनी आजाराच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांमधल्या ऊतींचा अभ्यास केला. त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंशी या जंतूचे नाते किती लवकर जुळते, हे त्यांनी दाखवले. १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तो अहवाल प्रसिद्ध केला. चट्ट्याला बधिरपणा का येतो, आणि फक्त त्वचेकडे पाहून कुष्ठरोग का कळत नाही, हे समजायला त्याने मदत झाली.

पुढे १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमावर वाढवणे हे जगभरच्या शास्त्रज्ञांचे स्वप्न होते. पण परळमध्ये वाढलेला जंतू म्हणजेच कुष्ठरोगाचा जंतू, हे जगाने मान्य केले नाही. तो जंतू आजही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही.

तरी ते काम वाया गेले नाही. त्याच जंतूपासून परळच्या संस्थेत पुढे लस तयार झाली, आणि दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ दावा टिकला नाही, त्यातून निघालेली वाट टिकली. संशोधनात उतरणाऱ्या डॉक्टरला हे आधीच सांगायला हवे. वॉर्डात चूक झाली तर रुग्णाला भोगावे लागते, म्हणून डॉक्टरला चुकीची भीती शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे. प्रयोगशाळेत मात्र चुकण्याची शक्यता धरूनच पाऊल टाकावे लागते, आणि ती चूक उघडपणे दाखवावी लागते. एकाच माणसाला ही दोन्ही वळणे अंगी बाणवायची असतात. म्हणून असे डॉक्टर आपोआप तयार होत नाहीत. त्यांना घडवावे लागते.

मानसन्मान आणि दुरावा

पुढची वर्षे सन्मानाची होती. विकृतिशास्त्रज्ञांची देशव्यापी संघटना उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पद्मभूषण मिळाले. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत त्यांनी नेतृत्व केले. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

टाटा रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र ही टाटा मेमोरियल सेंटरची दोन अंगे झाली. पुढे संशोधन संस्था जागेअभावी नवी मुंबईत खारघरला गेली. देशभरात मात्र चित्र उलट दिशेने गेले. संशोधन संस्था वेगळ्या वाढल्या, वैद्यकीय महाविद्यालये वेगळी वाढली. एकीकडे उत्तम यंत्रे आणि रुग्ण नाहीत, दुसरीकडे रुग्णांचा महापूर आणि श्वास घ्यायला वेळ नाही. खानोलकरांनी जोडलेल्या दोन खिडक्या बहुतेक ठिकाणी पुन्हा बंद झाल्या.

नागपूरच्या वाटेवर

नागपुरात १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तिथे पदविका मिळे, पदवी नाही. पदवीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले १९४७ मध्ये. त्याला जेमतेम दहा-अकरा वर्षे होत असताना, १९५८ मध्ये, डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध लॅन्सेट या नियतकालिकात आला. विदर्भातली सिकलसेलची सारी पुढची कामे, तपासणी शिबिरे आणि विवाहपूर्व समुपदेशन त्या वाटेवरची आहेत. नागपूरची कर्करोग नोंदणी १९८० पासून चालू आहे. २००७ मध्ये शासकीय दंत महाविद्यालयातून सबम्यूकस फायब्रोसिसच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या जवळपास पाचपट होते. हजार हा आकडा वाचून परळचा १९४४ चा निबंध आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी मिळून दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या केस रिपोर्ट्समध्ये छापली. कमरेला परकराची नाडी किंवा लुगडे वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने झालेल्या व्रणातून त्यांना त्वचेचा कर्करोग झाला होता. धोती कॅन्सरला तेव्हा ७९ वर्षे झाली होती. एका डॉक्टरने म्हाताऱ्या बाईला लुगडे कुठे कसता असे विचारले, म्हणून ते कळले.

म्हणजे विदर्भात प्रश्नांची वानवा नाही, आणि ते विचारणाऱ्या डॉक्टरांचीही नाही. उणीव आहे ती मधल्या पुलाची. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा असतो, पण रात्रपाळ्या, आपत्कालीन रुग्ण आणि अभ्यास यांतून उरलेल्या वेळात तो लिहिला जातो. बऱ्याचदा परीक्षेला बसण्यापुरता. बांधून झाला की कपाटात जातो. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची दोन महिन्यांची शिष्यवृत्ती योजना १९७९ पासून आहे. अनेक शासकीय महाविद्यालयांत बहुविध संशोधन कक्ष उभे राहिले आहेत. रुग्णसेवेची पदवी आणि पीएच. डी. एकत्र करण्याची सोय मोजक्या संस्थांत आहे. अमेरिकेने असा डॉक्टर-शास्त्रज्ञ घडवणारा सरकारी कार्यक्रम १९६४ मध्येच सुरू केला. त्यात विद्यार्थ्याला शिक्षणाचा खर्च आणि विद्यावेतन मिळते. पण त्याहून मोठी गोष्ट मिळते ती राखीव वेळेची.

राखीव वेळ, दोन्ही भाषा येणारा मार्गदर्शक, जोडीला संख्याशास्त्रज्ञ आणि शिकून परतल्यावर बसायला एक टेबल. खानोलकरांनी कमल रणदिवेंना या चारही गोष्टी दिल्या होत्या. बाल्टिमोरहून त्या परतल्या, कारण परतण्याजोगी जागा होती. आज प्रशिक्षण घेतलेला तरुण डॉक्टर खासगी रुग्णालयात किंवा परदेशात गेला, तर दोष त्याच्या निष्ठेला देण्याआधी त्याच्यासाठी टेबल ठेवले होते का, हे पाहायला हवे.

आणि सामान्य वाचकाचे काय? त्याच्यासाठी खानोलकरांचा धडा अगदी साधा आहे. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जातात का, हे आरशासमोर पाहावे. जात नसतील, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरत नसेल, तर शासकीय रुग्णालयात दाखवावे. आवळलेले तोंड आपोआप पूर्ववत होत नाही. पण खर्रा आणि सुपारी आज थांबवली तर आजार पुढे सरकण्याचा धोका कमी होतो, आणि कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. डॉक्टरने सवयीबद्दल विचारले तर लाजून एक पुडी कमी सांगू नये. त्या उत्तरावर फक्त त्या रुग्णाचेच उपचार अवलंबून नसतात. परळमध्ये एक हजार जणांनी खरे सांगितले, म्हणून पुढच्या लाखोंना धोका कळला.